साहेबाचा स्वभाव आणि तुमची तब्येत: नार्सिसिझम आणि कामाच्या ठिकाणचा त्रास

"डॉक्टर, डोकं दुखस, झोप येत नही, छातीमा धडधड होस." जळगाव-धुळ्याकडच्या कोणत्याही दवाखान्यात हे वाक्य रोज ऐकू येते. बीपी थोडे वाढलेले असते, ॲसिडिटीच्या गोळ्या महिनोन्‌महिने चालू असतात आणि रक्ताचे रिपोर्ट बहुतेक ठीक येतात. मग "रविवारी कसं वाटतं?" असे विचारले की उत्तर येते, "रविवारी दुपारपर्यंत बरं असतं. संध्याकाळी उद्याचा साहेब आठवला की पुन्हा सुरू."

अलीकडे मोबाइलवर व्हिडिओ पाहून अनेक जण स्वतःच निदान करून येतात: "आमचा शेठ नार्सिसिस्ट आहे." हा शब्द नेमका कशासाठी वापरतात, अशा स्वभावाच्या वरिष्ठामुळे हाताखालच्या माणसांना त्रास कसा होतो आणि त्यातून स्वतःची तब्येत कशी सांभाळायची, हे या लेखात सोप्या भाषेत पाहू.

थोडक्यात

• नार्सिसिझम म्हणजे स्वतःच्या मोठेपणात रमणारा, सतत कौतुक हवे असणारा आणि दुसऱ्याच्या भावनांची फारशी जाणीव नसणारा स्वभाव. तो कमी-अधिक प्रमाणात अनेकांत असतो. प्रत्येक वेळी तो आजार नसतो.
• असा माणूस नेता म्हणून लवकर पुढे येतो. पण पुढे येणे आणि चांगले नेतृत्व करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.
• साहेबाचे निदान करणे तुमचे काम नाही. त्याचे वागणे, तुमच्या शरीरावर होणारा परिणाम आणि तुमच्यापुढचे मार्ग यांकडे लक्ष द्या.
• छातीत दुखणे किंवा जीव नकोसा वाटणे ही तातडीची लक्षणे आहेत. त्यासाठी सुट्टीची वाट पाहू नका.

नार्सिसिझम म्हणजे नेमके काय?

पाण्यातल्या स्वतःच्याच प्रतिबिंबाच्या प्रेमात पडलेल्या नार्सिसस या तरुणाची ग्रीक पुराणकथा आहे. त्याच्यावरून हा शब्द आला. मराठीत त्याला आत्मप्रौढी किंवा आत्मकेंद्री स्वभाव म्हणता येईल. स्वमग्नता हा शब्द मात्र इथे वापरू नका. तो ऑटिझमसाठी वापरतात आणि त्याचा या विषयाशी काहीही संबंध नाही.

या स्वभावाची साधारण लक्षणे अशी: आपण इतरांपेक्षा खास आहोत असे वाटणे, सतत वाहवा हवी असणे, नियम आपल्याला लागू नाहीत असे मानणे, कामापुरता दुसऱ्याचा वापर करून घेणे, दुसऱ्याच्या अडचणीची कल्पना न येणे, हेवा आणि उद्धटपणा.

ही लक्षणे वर्षानुवर्षे, घरी-दारी सगळीकडे दिसत असतील आणि त्यामुळे त्या माणसाचे किंवा इतरांचे आयुष्य बिघडत असेल, तरच त्याला व्यक्तिमत्त्व विकार म्हणतात. अमेरिकेतील मानसोपचार तज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत हा विकार १९८० मध्ये आला. त्यात नऊ निकष आहेत आणि निदानासाठी त्यांतले किमान पाच असावे लागतात. हे निदान मानसोपचार तज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट समोर बसून, सविस्तर बोलून करतात. पगाराच्या दिवशी झालेल्या भांडणावरून किंवा व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून ते करता येत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. असा प्रत्येक माणूस मोठ्याने बोलणारा नसतो. काही जण वरून शांत, अगदी सोशिक दिसतात. पण त्यांना छोटीशी सूचनाही अपमान वाटते, ते अबोला धरतात आणि ती गोष्ट महिनोन्‌महिने मनात ठेवतात. ओरडणाऱ्या साहेबाइतकाच हा साहेबही हाताखालच्यांना थकवतो.

अशी माणसे वरच्या जागी कशी पोहोचतात?

"एवढा वाईट वागतो, तरी याला चेअरमन केलं कोणी?" हा प्रश्न रास्त आहे, आणि संशोधनात त्याचे उत्तर बऱ्यापैकी मिळते.

नार्सिसिझम आणि नेतृत्व यांवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसले, की अशा स्वभावाची माणसे नेता म्हणून पुढे येण्याची शक्यता जास्त असते. ती ठाम बोलतात, आत्मविश्वासू दिसतात, पाहुण्यांवर पहिली छाप चांगली पाडतात. पण हाताखालच्या लोकांनी आणि वरिष्ठांनी त्यांच्या प्रत्यक्ष कामाला दिलेले गुण पाहिले, तर असा सरळ फायदा दिसला नाही. आत्मविश्वास अगदी कमी असला तरी नेतृत्व कमजोर पडते आणि अति झाला तरी बिघडते. मधले प्रमाण बरे.

नेदरलँड्समधील संशोधकांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्या गटांचे नेते जास्त आत्मकेंद्री होते, त्या गटांतील लोकांना आपला नेता कर्तबगार वाटत होता. प्रत्यक्षात त्या गटांत माहितीची देवाणघेवाण कमी झाली आणि निर्णयही कच्चे ठरले. आपल्याकडचे चित्र वेगळे नसते. शेठला आवडणार नाही म्हणून मशीनचा बिघाड कोणी सांगत नाही, साहेब चिडतील म्हणून थकलेल्या कर्जाचा खरा आकडा कोणी समोर ठेवत नाही. नुकसान झाले की मात्र "मला कोणी सांगितलंच नाही" म्हणून खालच्या माणसावर खापर फुटते.

कडक साहेब आणि त्रासदायक साहेब यांत फरक काय?

प्रत्येक कडक वरिष्ठ आत्मकेंद्री नसतो. वेळेवर या म्हणणारा, चूक दाखवणारा, काम नीट होईपर्यंत मागे लागणारा साहेब कधी कधी नकोसा वाटतो, पण तो तब्येत बिघडवत नाही. फरक असा ओळखा:

• कडक साहेब कामातली चूक दाखवतो. त्रासदायक साहेब तुमची लायकी, घर, जात किंवा शिक्षण काढतो.
• कडक साहेबाचे नियम सगळ्यांना सारखे असतात. त्रासदायक साहेबाचे नियम माणसागणिक आणि मूडप्रमाणे बदलतात.
• कडक साहेब चांगल्या कामाचे श्रेय देतो, निदान काढून तरी घेत नाही. त्रासदायक साहेब यश स्वतःचे आणि अपयश तुमचे ठरवतो.
• कडक साहेबाला "साहेब, हे असं केलं तर?" असे विचारता येते. त्रासदायक साहेबाला प्रश्न म्हणजे बंड वाटते आणि त्याचा सूड नंतर निघतो.
• कडक साहेब वाईट दिवशी चिडतो. त्रासदायक साहेबाकडे चारचौघांत अपमान करणे हीच रोजची पद्धत असते.

एखाद्या दिवसाच्या रागावरून निष्कर्ष काढू नका. काही महिने पुन्हा पुन्हा तेच घडत असेल, तर त्याकडे गांभीर्याने पाहा.

एकटा साहेब पुरेसा नसतो

घातक नेतृत्वाविषयी अभ्यासकांनी २००७ मध्ये एक त्रिकोण मांडला. पहिली बाजू तसा नेता, दुसरी त्याला साथ देणारे किंवा गप्प बसणारे लोक आणि तिसरी मोकळे रान देणारी जागा. तिन्ही बाजू जुळल्या, की नुकसान मोठे होते.

आपल्या खान्देशात नोकरी म्हणजे अनेकांसाठी डाळमिल, एमआयडीसीतला चटईचा किंवा पाइपचा कारखाना, सोन्याची पेढी, पतपेढी, खाजगी शिक्षणसंस्था, दवाखाना किंवा घाऊक दुकान. अशा बऱ्याच ठिकाणी मालक हाच मॅनेजर आणि तक्रार ऐकणाराही तोच. वेगळा एचआर विभाग नसतो. नोकरी बहुधा नात्यातल्या किंवा गावातल्या कोणाच्या शब्दावर लागलेली असते. त्यामुळे तक्रार केली की "ज्यांनी चिकटवलं त्यांचं नाव खराब होईल" ही भीती असते. वर घराचा हप्ता आणि मुलांची फी. अशा माणसाला "सोडून दे नोकरी" म्हणणे सोपे असते.

म्हणूनच गप्प बसणाऱ्याला भित्रा समजू नका, स्वतःलाही नाही. पण हे ओळखा, की तिन्ही बाजूंपैकी साहेबाचा स्वभाव बदलणे तुमच्या हातात सर्वांत कमी आहे. उरलेल्या दोन बाजूंवर, म्हणजे सहकारी आणि कामाची पद्धत यांवर, थोडाफार तरी परिणाम करता येतो.

शरीरावर काय परिणाम होतो?

अपमानाची किंवा धमकीची भीती वाटली, की शरीर ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके सोडते. नाडी वाढते, बीपी चढते, स्नायू ताठरतात. समोर कुत्रा धावून आला तर हे उपयोगी आहे. पण हीच स्थिती रोज आठ-दहा तास राहिली, तर शरीर थकते. त्यातून पुढील तक्रारी दिसतात:

• झोप न लागणे, पहाटे तीन-चारला जाग येऊन तेच विचार घोळणे
• डोके, मान आणि पाठ दुखणे
• ॲसिडिटी, पोट बिघडणे, सकाळी कामावर निघताना मळमळणे
• बीपी किंवा शुगर गोळ्या घेऊनही आटोक्यात न राहणे
• चिडचिड, रडू येणे, कशातच मन न लागणे, विसराळूपणा
• तंबाखू, गुटखा, सिगारेट किंवा दारूचे प्रमाण वाढणे

स्टॉकहोम भागातील ३,००० हून अधिक पुरुष कर्मचाऱ्यांवर सुमारे दहा वर्षे लक्ष ठेवलेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. आपला वरिष्ठ नीट माहिती देतो, पाठीशी उभा राहतो असे सांगणाऱ्यांत हृदयविकाराचे प्रमाण कमी दिसले. एकाच ठिकाणी जितकी जास्त वर्षे काम, तितका हा फरक ठळक होता. अशा अभ्यासावरून साहेबामुळेच झटका आला असे सिद्ध होत नाही, पण वरिष्ठाचे वागणे तब्येतीच्या हिशोबात धरायला हवे एवढे नक्की कळते.

कामाचे तासही महत्त्वाचे आहेत. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या अहवालानुसार, आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांत ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्के जास्त असतो.

मात्र प्रत्येक तक्रार साहेबाच्या नावावर टाकू नका. थायरॉइड, रक्त कमी असणे, बी-१२ ची कमतरता, मधुमेह यांतही थकवा, धडधड आणि चिडचिड होते. आधी तपासणी करा.

लेबल लावण्यात एक धोका आहे

मे २०१९ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयाशी संलग्न वैद्यकीय महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या, मूळच्या जळगावच्या डॉ. पायल तडवी यांचा आत्महत्येने मृत्यू झाला. त्या २६ वर्षांच्या होत्या, आदिवासी तडवी समाजातल्या होत्या. वरिष्ठ सहकारी डॉक्टर जातीवरून छळ करत असल्याचा आणि आधी सांगूनही दखल घेतली न गेल्याचा आरोप कुटुंबाने केला. आरोपींनी आरोप नाकारले आणि प्रकरण न्यायालयात गेले.

कोण दोषी, हे न्यायालय ठरवेल. कोणाच्या स्वभावाविषयी दुरून बोलण्याचा अधिकार डॉक्टरलाही नाही. पण या घटनेवरून एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. जातीवरून अपमान होत असेल, तर त्याला "तिचा स्वभावच तसा" किंवा "नार्सिसिस्ट आहे" म्हणणे म्हणजे प्रकरण सौम्य करणे होय. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा जातीवरून छळ झाल्यास १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. स्त्रियांच्या लैंगिक छळासाठी २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती असावीच लागते. त्याहून लहान ठिकाणच्या किंवा खुद्द मालकाविरुद्धच्या तक्रारीसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत करावी. नुसता आरडाओरडा आणि अपमान यांसाठी आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही, म्हणून घडलेल्या गोष्टीला तिचे खरे नाव देणे महत्त्वाचे.

दुसरे असे, की घरच्यांना आधी कळते. आई-वडील फोनवरचा आवाज ओळखतात. त्यांचे म्हणणे "तुम्हाला आमच्या क्षेत्रातलं काय कळतं" म्हणून झटकू नका.

तुम्ही काय करू शकता?

१. नोंद ठेवा. तारीख, वेळ, काय बोलले, कोण हजर होते, एवढे एका वहीत लिहा. वही घरी ठेवा. यामुळे मनातला गोंधळ कमी होतो आणि पुढे तक्रार करायची झाल्यास आधार मिळतो.

२. तोंडी हुकूम लेखी करा. "साहेब, आपण सांगितल्याप्रमाणे आज अमुक काम करत आहे" असा साधा मेसेज पाठवा. नंतर शब्द फिरवणे अवघड होते.

३. चारचौघांत वाद घालू नका. अशा स्वभावाच्या माणसाला सर्वांसमोर चूक दाखवली, तर तो ऐकण्याऐवजी उलटतो. एकट्यात, थोड्या शब्दांत, कामापुरते बोला. "हे चुकलं" याऐवजी "असे दोन मार्ग आहेत, कोणता घेऊ?" हे जास्त चालते.

४. "तुम्ही नार्सिसिस्ट आहात" असे कधीही तोंडावर म्हणू नका. त्याने काहीच सुधारत नाही, फक्त तुम्ही निशाण्यावर येता.

५. एकटे राहू नका. विश्वासाच्या एक-दोन सहकाऱ्यांशी बोला. तक्रार करायची असेल तर शक्य तिथे मिळून करा.

६. बाहेर पडण्याची तयारी शांतपणे करा. पीएफचे पासबुक तपासा, पगाराच्या पावत्या आणि नेमणुकीचे पत्र जपा. मूळ प्रमाणपत्रे संस्थेकडे जमा करू नका. केली असतील तर पोचपावती घ्या. दोन-तीन महिन्यांचा खर्च बाजूला टाकता आला तर निर्णय भीतीपोटी घ्यावा लागत नाही.

७. शरीराचे वेळापत्रक सांभाळा. ठरलेल्या वेळी जेवण, रोज अर्धा तास चालणे (आपल्याकडच्या उन्हाळ्यात पहाटे किंवा दिवस मावळल्यावर), रात्री ठरावीक वेळेनंतर ऑफिसचा ग्रुप म्यूट. झोपेची गोळी मेडिकलमधून परस्पर घेऊ नका.

घरच्यांसाठी

कामावरून आलेला माणूस गप्प असेल, तर लगेच सल्ला देऊ नका. आधी ऐका. "सगळीकडे असंच असतं, सहन कर" या वाक्याने तो पुढच्या वेळी बोलणारच नाही. "उद्याच राजीनामा दे" असा दबावही नको. "तुझ्या तब्येतीपेक्षा नोकरी मोठी नाही, आपण मिळून मार्ग काढू" एवढे पुरते. राग मुलांवर किंवा बायकोवर निघू लागला असेल, तर तेही उपचाराची गरज असल्याचे लक्षण समजा.

तुम्हीच साहेब किंवा शेठ असाल तर

स्वतःला तीन प्रश्न विचारा. गेल्या महिन्यात कोणी मला वाईट बातमी वेळेवर सांगितली का? मी कोणाची माफी मागितली का? चांगली माणसे माझ्याकडे टिकतात का? तिन्हींचे उत्तर "नाही" असेल, तर लोक तुमच्यापासून खरे लपवत असण्याची शक्यता आहे. समुपदेशकाशी बोलण्यात कमीपणा नाही. स्वभाव हळूहळू बदलता येतो, पण त्यासाठी आधी स्वतःला तसे वाटावे लागते.

डॉक्टरांना कधी भेटावे?

लगेच, त्याच दिवशी:
• छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, दम लागणे. "गॅस असेल" म्हणून थांबू नका. १०८ ला फोन करा, ईसीजी काढून घ्या.
• तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे.
• मरणाचे विचार, "मी नसतो तर बरं" असे बोलणे. अशा माणसाला एकटे सोडू नका. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आणि मराठीतही उपलब्ध आहे.

येत्या काही दिवसांत:
• दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक किंवा मन ठिकाणावर नसेल तर
• बीपी किंवा शुगर वारंवार वाढत असेल तर
• दारू किंवा तंबाखूशिवाय दिवस जात नसेल तर

आधी फॅमिली डॉक्टरांकडे गेलात तरी चालेल. कामावर काय चालले आहे ते मोकळेपणाने सांगा. फक्त "ॲसिडिटी" सांगितली तर फक्त ॲसिडिटीचीच गोळी मिळेल. गरज पडल्यास मानसोपचार तज्ज्ञांकडे पाठवले जाते. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. तिथल्या मानसोपचार विभागाची चौकशी करा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मानसोपचार घेतले तर मालकाला कळेल का?
नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार उपचारांची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे. रजेसाठी प्रमाणपत्र हवे असल्यास त्यात किती तपशील लिहायचा, हे डॉक्टरांशी आधी बोलून घ्या.

बर्नआउट हा आजार आहे का?
जागतिक आरोग्य संघटनेने त्याला कामाशी निगडित स्थिती म्हटले आहे, आजार नव्हे. पण त्याआड नैराश्य किंवा चिंतेचा विकार असू शकतो आणि त्यावर चांगले उपचार आहेत.

नोकरी सोडली की सगळे बरे होईल का?
अनेकांना काही आठवड्यांत फरक जाणवतो. पण झोप आणि उदासी तशीच राहिली तर उपचार लागतात. निर्णय अतिशय खचलेल्या अवस्थेत घेऊ नका. आधी झोप सुधारा, मग ठरवा.

औषध घेतले म्हणजे साहेब जिंकला का?
नाही. औषधाने तुमचे डोके शांत होते आणि नीट विचार करता येतो. साहेबाशी कसे वागायचे, राहायचे की निघायचे, हे त्यानंतर तुम्ही जास्त चांगले ठरवू शकता.

सूचना: हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तो तपासणीला किंवा तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याला पर्याय नाही. चालू असलेली बीपी, शुगर किंवा मनाची औषधे स्वतःहून बंद करू नका.